घोट्यापासून वर

मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, धंदा काय?
म्हटलं, सलून आहे. आष्ट्याला, स्टँडच्या मागं.
म्हणाले, पायानं आधीच सांगितलं मला.
एकतीस वर्षं एका खुर्चीभोवती
अर्धगोल फिरणं, त्याला चालणं म्हणत नाहीत,
ते उभं राहणंच.

लेझरनं शीर जाळली.
जळक्या केसाचा वास मी झोपेतही ओळखीन,
हा तो नव्हता. हा कसलाच नव्हता.
दोन दिवस बँडेज. मग मोजा.
मांडीपर्यंत, डाव्या पायाला, सहा आठवडे.
खोक्यावर रंगाचं नाव 'स्किन' आहे.
अशा कातडीचं एकही डोकं
माझ्या खुर्चीत आजवर बसलेलं नाही.

पहाटे, मी पाय पलंगाखाली सोडायच्या आत
शालन येते.
भांड्याचे रबरी हातमोजे घालून,
कुस्तीला उतरल्यासारखी.
दुधाची रिकामी पिशवी बोटांवर चढवायची,
तिच्यावरून मोजा सरकवायचा,
मग पुढच्या भोकातून पिशवी ओढून घ्यायची.
मेडिकलवाल्यानं शिकवलेली युक्ती.
पावडर दुकानातलीच,
गिऱ्हाइकाच्या मानेवर मारायची ती.
"ढिला सोडा की पाय. ताठ काय करताय?"
मला हे आयुष्यभर
मी लोकांच्या मानांना म्हणत आलो.

घोट्याशी आवळतो जास्त,
वर जाईल तसा सोडत जातो.
खाली साचलेलं वर चढवायचं
तर रेटा खालून लागतो, म्हणाले.

आणि अट घातली:
चाला, नाहीतर पाय उशीवर टाकून पडा.
मधलं चालणार नाही.
मधलं म्हणजे, डॉक्टर,
माझं सगळं आयुष्य की हो.

म्हणून चालतो. सकाळी कारखान्याच्या रस्त्यानं,
उसाच्या गाड्या अंगावर धुरळा टाकत जातात.
चौगुले सर सायकल थांबवतात,
"काय हो, फुटबॉलची टीम काढली का?"
परत येऊन दुकानात बाकावर बसतो, पाय स्टुलावर.
विक्रांत कात्री चालवतो. बरी चालवतो.
आरशात त्याचे खांदेच दिसतात,
पण बाकावरून पाय दिसतात.
उजव्यावरून डाव्यावर भार टाकतो,
डाव्यावरून उजव्यावर,
दर चार मिनिटांनी. मोजलं मी.
"टाचा उचल. खाली. परत उचल."
गिऱ्हाईक हसतं. तो लाजतो. उचलत नाही.

रात्री मोजा निघतो.
पायावर त्याची वीण उठलेली असते
आणि गुडघ्याच्या वर एक लाल कडं.
खाजवायला इतकं बरं वाटतं
की देवाचं नाव घ्यावंसं वाटतं.

परवाची गोष्ट.
टाचेवर मोजा अडकला म्हणून
शालननं पदर खोचला, लुगडं वर घेतलं
आणि उकिडवी बसून जोर लावला.
तिच्या पोटरीवर
निळी, गाठाळ, वळणावळणाची,
माझ्याहून जुनी.
"हे कधीपासून?"
"विक्रांतच्या वेळेपासून. ओढा की तुम्ही पण."
"बोलली नाहीस."
"काय बोलायचं? चुलीपुढं उभं राहिल्यावर होतंयच.
हं, बसला बघा टाचेला."

एकतीस वर्षं माझ्याकडं आरसे होते.
समोर एक, मागं एक,
माणसाला स्वतःची पाठ दाखवायला.

काल कय्यूम टेलरकडनं टेप आणली.
मेडिकलवाला म्हणाला, माप सकाळीच घ्या,
सूज उतरलेली असते तेव्हा.
घोट्याचं, पोटरीचं, मांडीचं, तिन्ही लिहून आणा.

ती भाकरीचं पीठ मळायला उठायच्या आत
मी खाली, फरशीवर बसलोय,
डावा पाय लांब टाकून, कारण तो अजून वाकत नाही नीट.
टेप गार लागून ती दचकते.
"अगं बया, काय चाललंय?"
"हलू नको," म्हणतो मी.
"ढिला सोड पाय."
घोटा, साडेतेवीस.